बोकड रिंगणात नेण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

हे पत्र वाचून झालं की गोठ्यातल्या खुराकाच्या पिंपावर चिकटव. कौंटी फेअर म्हणजे आपल्या ओहायोतली जिल्ह्याची जत्रा, जिथे मुलं वाढवलेली जनावरं रिंगणात परीक्षकाला दाखवतात आणि लिलावात विकतात. तिच्या पुस्तिकेत नियम सगळे आहेत, त्यामागची कारणं नाहीत. ती इथे लिहितो.

आधी हिशेब. 20 एप्रिलला बोकड 42 पौंड भरला. फेअरचं वजन 20 जुलैला, म्हणजे हातात 91 दिवस. खच्ची केलेला बोअर जातीचा बोकड नीट खाऊ घातला तर दिवसाला पाव ते अर्ध्या पौंडाच्या दरम्यान वाढतो. 0.4 धरलं तर 36 पौंड चढून तो 78 वर जाईल. एका रविवाराआड, खुराक घालण्याआधी, वजन करून वहीत लिही. खुराक 16 टक्के प्रथिनांचा, वजनाच्या तीन ते चार टक्के. म्हणजे आज साधारण दीड पौंड, दोन वेळांत. तोही तराजूवरच मोज. डबा तोच असला तरी भरड्याचं आणि गोळीपेंडीचं वजन सारखं भरत नाही.

वजन मागे पडलं म्हणून जुलैत खुराक एकदम वाढवायचा मोह होईल. नको. पोटात पिष्ट जास्त गेलं की आतड्यातले जिवाणू भराभर वाढून विष सोडतात. महाराष्ट्रात शेळीवाले ज्याला आंत्रविषार म्हणतात तोच हा. रात्री धडधाकट दिसलेलं जनावर सकाळी मेलेलं सापडतं. लशीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात ते याचसाठी, पण लस असली तरी खुराकातला बदल सात ते दहा दिवसांत थोडा थोडा कर.

माझ्या मते खच्ची बोकडाचा खरा शत्रू मूतखडा. धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. त्यातून खडे होतात, आणि लहानपणी खच्ची केल्यामुळे मूत्रनळी अरुंद राहिलेली असते, तिथे ते अडकतात. म्हणून पिशवीवरचं लेबल वाच: कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं आणि अमोनियम क्लोराइड अर्धा टक्का. मीठ गव्हाणीजवळ कायम असू दे, म्हणजे तो पाणी जास्त पितो. बादली रोज घासायची, नुसती भरायची नाही. लेंड्या पडलेलं पाणी शेळी तोंडातसुद्धा घेत नाही. बोकड वाकून कुंथतो, ओरडतो, शेपूट हलवतो आणि थेंबभरच लघवी होते, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नकोस. खुराक बंद कर आणि त्याच तासाला डॉक्टरांना फोन कर. मूत्राशय फुटलं की हातात काही उरत नाही.

जंतांसाठी दर आठवड्याला खालची पापणी ओढून आतला रंग बघ. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर सावध राहा, पांढरी पडली तर औषध लगेच. रक्त पिणारा जंत आहे तो; जबड्याखाली पाणी साठलं तर उशीरच झाला समज. दर महिन्याला उगाच औषध पाजू नकोस, त्यानेच जंत औषधाला दाद देईनासे होतात. चार इंचांपेक्षा खुरटलेल्या गवतात चारू नकोस, कारण जंतांच्या अळ्या बुडाशीच असतात. कुठलंही औषध दिलं की तारीख, मात्रा आणि औषधानंतर कत्तलीआधी थांबायचे दिवस वहीत लिही. ओहायोत फेअरला औषधांचा फॉर्म भरून द्यावा लागतो आणि त्यावर सही होते. ओठांवर मावा (खपल्या धरणारे फोड) किंवा अंगावर गजकर्ण दिसलं तर बोकड दारातूनच परत पाठवतात. दोन्ही माणसालाही होतात, तेव्हा हातमोजे घाल.

चालवणं आजपासूनच सुरू कर, रोज दहा-पंधरा मिनिटं. मान वर राहील असा पट्टा जबड्यामागे उंच धर. खाली घसरला की श्वासनळी दाबली जाते आणि बोकड खोकत बसतो. रिंगणात बोकड कायम तुझ्या आणि परीक्षकाच्या मध्ये. बाजू बदलायची ती बोकडाच्या पुढून. चारही पाय चौकोनात ठेव, मग गुडघा त्याच्या छातीला लाव. तो उलटा रेटा देतो, पाठीचं मांस घट्ट होतं, आणि परीक्षक कंबरेवर हात ठेवतो तेव्हा तेच त्याला लागतं. पुढचे पाय जमिनीवरून उचलायचे नाहीत. मार्केट वर्गात, म्हणजे मांसाच्या जनावरांच्या स्पर्धेत, बोकडाची परीक्षा असते, शोमनशिपमध्ये, म्हणजे जनावर हाताळण्याच्या स्पर्धेत, तुझी: वय, वजन, खुराकातली प्रथिनं, कानातल्या टॅगचा अर्थ, काहीही विचारतील. नजर परीक्षकावर. बोकडाने गोंधळ घातला तर हसू नकोस, चिडू नकोस, पाय परत लाव.

केस फेअरच्या तीन-चार दिवस आधी कापू. गुडघ्याखालचे ठेवायचे.

तिथे पाण्याला क्लोरीनचा वास असतो, बोकड पीत नाही आणि दोन दिवसांत पौंडांनी उतरतो. घरचं पाणी डब्यांतून नेऊ. पंखा, जाड वायर, खरारा, सुटी बादली आणि नेहमीचंच गवत यांची यादी तू कर.

शेवटी लिलाव. गावातली बँक किंवा दुकानदार बोली लावतात तो मांसाचा भाव नसतो, फोर-एचच्या (मुलांना शेती-पशुपालन शिकवणाऱ्या संघटनेच्या) मुलांना दिलेलं प्रोत्साहन असतं. म्हणून घेणाऱ्याला हाताने लिहिलेलं आभाराचं पत्र त्याच आठवड्यात जायला हवं. बोकड मात्र ट्रकने कत्तलखान्यात जातो. हे तुला जुलैत नव्हे, आज माहीत असावं. त्याला नाव ठेवायचं की नाही ते तूच ठरव. ट्रकवर चढवण्याआधी पट्टा काढून घे, पुढच्या वर्षीही तोच लागेल.

तुझा,
बाबा