बुटांपाशी थांबलेले पुस्तक

महोदय,

जर्मन लेखक रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या युद्धकादंबरीवरील वाचकांच्या प्रतिक्रिया वाचल्या. ‘सैनिकांना दुबळे दाखवले’ हा आक्षेप वाचून वाईट वाटले. लेखक स्वतः पहिल्या महायुद्धात जखमी झालेला. १९२९ मध्ये निघालेल्या या कादंबरीची नाझींनी १९३३ मध्ये होळी केली, तीही सैनिकांशी गद्दारी म्हणूनच!

माझे वडील १९७१ च्या लढाईत होते. कादंबरीत मरणपंथाला लागलेल्या केमेरिख या सैनिकाच्या बुटांवर त्याचा सोबती म्युलरचा डोळा असतो, त्या पानावर त्यांनी चष्मा काढला, पुस्तक मांडीवर उपडे ठेवले. “असंच असतं,” एवढेच म्हणाले. लढाईचा विषय घरात त्यांनी कधीच काढला नव्हता. त्या रात्री मात्र आईशी बराच वेळ बोलत बसले होते.

– एक वाचक, सातारा