पिवळी पिशवी आणि सोलापुरी टॉवेल

महोदय,

रुग्णालयांच्या 'हरित' उपक्रमांच्या बातम्यांत छतावरचं सोलर आणि आवारातली झाडं हमखास असतात. चांगलंच आहे ते. पण रुग्णालयातला कचरा खाटेपाशी तयार होतो. पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या शुश्रूषेत, माझी सात वर्षं गेली, तिथलं सांगते.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार आमच्याकडे होते. घशाचा कॅन्सर. खालचं अंडरपॅड, म्हणजे ओल शोषायला अंगाखाली घालून नंतर फेकायचं पॅड, दोन बोटांत चोळून म्हणाले, ''ह्यात सूत कुठंय सिस्टर? नुसतं प्लास्टिक हाय की.'' त्या उकाड्यात ते पाठीला चिकटायचं, घामाने कातडी पांढरी पडायची. शेवटी मुलीने घरातला जुना टेरी टॉवेल आणला. तो कमरेखाली घातला, दर दोन तासांनी कूस बदलत राहिलो, आणि लाली उतरली. तोवर दिवसाला सहा-सात पॅड पिवळ्या पिशवीत, म्हणजे थेट भट्टीत, जात होती. (त्याच पिशवीत बिस्किटाचे कागद टाकणारेही आहेत, आमच्यातलेच!)

अखेरच्या आठवड्यात त्यांच्या कागदावर रोजची रक्ततपासणी होती. रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी घरच्यांशी बोलून तपासणी आणि सलाईन दोन्ही थांबवलं. रुग्णाला हवं होतं दर चार तासांनी मॉर्फिन आणि ओठांवर ओला बोळा. लाल पिशवी, म्हणजे नळ्या-सिरिंजांसारख्या प्लास्टिक कचऱ्याची, निम्म्याने हलकी झाली; तो आमचा हेतू नव्हता, पण झाली.

कापड वापरा म्हटलं की पाण्याचा प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात धुलाईचं पाणी मागायला मलाही संकोच वाटतो. म्हणून प्रत्येक खाटेला नको. जे महिनोन् महिने पडून आहेत, तेवढ्यांना तरी द्या. वाळवायला ऊन आपल्याकडे कमी नाही.

टॉवेल कारखानदारांना एक विनंती. डागी माल निघतो, त्यातले थोडे नग जवळच्या रुग्णालयाच्या मेट्रनकडे, म्हणजे मुख्य परिचारिकेकडे, पोहोचवा. मात्र पांढरे किंवा फिके द्या. गडद रंगावर रक्ताचा डाग लवकर दिसत नाही.

– एक परिचारिका, सोलापूर