एकाच डब्यात दोन ग्रेडचे ब्रेक पॅड

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर)

विषय : पुढच्या चाकांच्या ब्रेक पॅडच्या एकाच सेटमध्ये वेगवेगळ्या ग्रेडचे पॅड निघाल्याबाबत

महोदय / महोदया,

मी कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात सतरा वर्षं नोकरी करतो. हे आधी सांगतो, कारण फोनवर तुमच्या माणसानं दोनदा विचारलं, "साहेब, तुम्हाला ब्रेकमधलं काय कळतं?" ब्रेकची डिस्क ज्या ग्रे कास्ट आयर्नची असते, त्याचंच ओतकाम आमच्याकडे चालतं. निदान खुणा वाचायला मला येतात.

माझी गाडी नऊ वर्षांची, साधी हॅचबॅक. जुलैमध्ये पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्याही खाली आले, तेव्हा ओरिजिनल सेटची किंमत विचारली. २,१८० रुपये. त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती, म्हणून स्वस्तातला पण भरवशाचा सेट शोधायचं ठरवलं. लक्ष्मीपुरीत एकानं ४५० रुपयांचा सेट दाखवला. त्याच्या पाकिटावर उत्पादकाचं नाव नव्हतं, महिना-वर्ष नव्हतं, एमआरपीही नव्हती. तो परत दिला. तुमचा सेट ९६० रुपयांना होता. उत्पादकाचा पत्ता, बॅच नंबर, एमआरपी सगळं छापलेलं, पॅड झिजल्यावर आवाज देणारी पत्तीही बसवलेली. घर्षणाचा ग्रेड, म्हणजे पॅडची पकड किती ते सांगणारी खूण, मात्र पाकिटावर कुठंच नव्हता. घेण्याआधी मी तुमच्या हेल्पलाइनला तेच विचारलं. "सगळे एकाच दर्जाचे असतात, बिनधास्त घ्या," असं उत्तर मिळालं. त्या शब्दावर मी पैसे मोजले.

उद्यमनगरमधल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी पॅड बसवले. पॅड आणि डिस्क एकमेकांना बसेपर्यंत पहिले तीनशे किलोमीटर मी जोराचा ब्रेक टाळला. शहरात गाडी किंचित डावीकडे ओढतेय असं वाटायचं, पण पावसाळ्यातले आमचे रस्ते पाहता मी दोष रस्त्याला दिला.

१४ ऑगस्टला राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाटातून कणकवलीला, बायकोच्या माहेरी निघालो होतो. मागं आई बसलेली, वय ७४, शेजारी मुलगी. संततधार पाऊस, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. एका वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला आणि गाडीचं तोंड सरळ डावीकडे गटाराच्या दिशेनं वळलं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून कशीबशी सावरली. आईचं डोकं काचेवर आपटलं. पुढं थांबून पाहिलं, तर डाव्या चाकातून जळका वास येत होता, उजव्यातून नाही. उरलेला घाट आम्ही दहा-पंधराच्या वेगानं, जवळजवळ सगळा भार इंजिनवर टाकून उतरलो. आई त्या दिवसापासून गाडीत बसायला तयार नाही.

परत आल्यावर तुम्हाला फोन केला. तुमच्या माणसानं गाडी न पाहताच "कॅलिपर जाम असणार, पॅडचा दोष नाही" असं ठरवून टाकलं. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. म्हणून आम्ही काय काय तपासलं ते सविस्तर लिहितो. पुढच्या दोन्ही टायरमधली हवा सारखी होती. व्हील अलाइनमेंट करून घेतली, ४५० रुपये गेले, ओढ तशीच राहिली. कॅलिपरच्या दोन्ही बाजूंच्या पिना काढून पाहिल्या, मोकळ्या सरकत होत्या. मग मिस्त्रींनी डावीकडचे पॅड उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घातले. पहाटे शेंडा पार्कजवळच्या मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगानं जाऊन ब्रेक मारला. गाडी आता उजवीकडे ओढली. कॅलिपर जागचे हलले नव्हते, जागा फक्त पॅडनी बदलली होती. दोष पॅडसोबत गेला.

तेव्हा कुठं आम्ही पॅडच्या कडा ब्रेक क्लीनरनं पुसून पाहिल्या. चारपैकी दोन पॅडच्या कडेवर शेवटची अक्षरं 'एफएफ', उरलेल्या दोनवर 'ईई'. मागच्या पत्र्यावरचे शिक्केही वेगळे. बसवण्याआधीच कडा बघायला हव्या होत्या, हे मी आणि मिस्त्री दोघंही मान्य करतो. पण नव्या, सीलबंद डब्यात हे पाहावं लागेल असं कोणाच्या मनात येईल?

या दोन अक्षरांचा अर्थ तुम्हाला ठाऊकच असेल. पहिलं अक्षर साध्या तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं पॅड तापल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५. दोन्हींपैकी कुठलाही ग्रेड स्वतःपुरता वाईट नाही, चारही पॅड 'ईई' असते तर माझी काही तक्रार नसती. पण एका चाकाला 'एफएफ' आणि दुसऱ्याला 'ईई' लावलं की एकच पेडल दाबून दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक लागतात. ओल्या घाटात त्याचं काय होतं ते आम्ही अनुभवलं.

आमच्या फाउंड्रीत पंपाची साधी बॉडी ओतली तरी तिच्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एका वेळच्या धातूचा नंबर, उठलेला असतो. तक्रार आली की कोणत्या दिवशीची, कोणत्या भट्टीतली धातू, हे तासाभरात सांगता येतं, आणि त्या हीटचा उरलेला माल आम्ही स्वतःहून थांबवतो. तो माल कोणाचा जीव तोलून धरत नाही, तरीही. तुम्ही तर ब्रेक विकता. किंमत कमी ठेवायला पाकीट साधं करा, जाहिरात कमी करा, सोबतचं ग्रीस देऊ नका, माझी हरकत नाही. पॅकिंगच्या टेबलावर चार पॅडच्या कडा वाचायला माणूस नाही, ही काटकसर मला मान्य नाही. जास्त पैसे मोजू न शकणाऱ्याच्या मागच्या सीटवरही कोणाची तरी आई बसलेली असते.

२२ ऑगस्टच्या ईमेलमध्ये तुम्ही "सद्भावना म्हणून" दुसरा सेट कुरिअरनं पाठवतो असं लिहिलंत. मला तो नको. सेटचे ९६०, अलाइनमेंटचे ४५० आणि पॅड दोनदा खोलण्या-बसवण्याची ७०० मजुरी मिळून २,११० रुपये परत करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही सरमिसळ कोणत्या बॅचमध्ये झाली ते लेखी कळवा आणि त्या बॅचचा माल दुकानांतून परत मागवा. यापुढे ग्रेड पाकिटाच्या बाहेर छापा, म्हणजे घेणाऱ्याला हेल्पलाइनच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला जबाबदार धरणारं स्वतंत्र प्रकरण आहे आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. चारही पॅड, पाकीट, बिल आणि कडांचे फोटो मी जपून ठेवले आहेत. तुमच्या प्रयोगशाळेला तपासायचे असतील तर माझ्यासमोर सील करून न्या.

आणखी एक. ज्या दुकानातून सेट घेतला तिथं याच बॅचचे तीन डबे शिल्लक होते. दुकानदारांसमोर दोन उघडून पाहिले. एकात चारही 'एफएफ' निघाले, दुसऱ्यात पुन्हा दोन आणि दोन. तिसरा आम्ही उघडलेला नाही. माझ्या विनंतीवरून त्यांनी तिन्ही डबे विक्रीतून काढून काउंटरखाली ठेवले आहेत. ते घेऊन जायला या आठवड्यात माणूस पाठवा.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, पॅडच्या कडांचे फोटो, अलाइनमेंटची पावती, मिस्त्रींचं सहीचं निवेदन