वही आम्हालाच लिहायला लावलीत, म्हणून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेरचा आपल्या बचत गटाचा हिशेब यंदा एकाच बैठकीत जुळला. एक रुपयाचाही फरक नाही. वही मिटली तशी बायकांनीच विषय काढला, ताईंना पत्र लिहायला हवं, आणि ते चारचौघांना वाचता येईल असं लिही. म्हणून हे उघड पत्र.

आभार नेमके कशाचे मानायचे यावर मात्र आमच्यात एकमत होईना. कुणी म्हणाली कर्जाचे, कुणी म्हणाली बँकेत सोबत आल्या त्याचे. माझं मत वेगळं पडलं. तुम्ही एक काम आमच्यासाठी कधीच केलं नाहीत, त्याचे आभार मला मानायचे आहेत. आमची वही तुम्ही लिहून दिली नाहीत.

तुम्ही सहयोगिनी म्हणून, म्हणजे गटांना मार्गदर्शन करायला आलात तेव्हा आमचा गट दोन वर्षांचा होता. बचत जमत होती, पण वही एका सभासदाचे यजमान लिहायचे. माणूस वाईट नव्हता, अक्षरही मोत्यासारखं. पण वही त्यांच्या कपाटात, आणि आपले किती साठले हे विचारायला आम्ही त्यांच्या ओट्यावर जाऊन उभ्या राहायचो. बचत किती, कर्ज किती, यातलं काही न विचारता तुम्ही पहिल्याच बैठकीत विचारलंत, "वही कुणाच्या घरी असते?" सगळ्या खाली बघायला लागल्या होत्या, आठवतं?

पुढच्या बैठकीला वही आली आणि पेन माझ्या हातात पडलं, कारण बारा जणींत सातवीपर्यंत गेलेली मी एकटी. मी म्हटलं, पहिले दोन महिने तुम्ही लिहा, मी बघून शिकते. तुम्ही म्हणालात, "आणि माझी बदली झाली की?" एवढंच. मला तेव्हा राग आला होता, आज लिहून टाकते.

पहिल्याच महिन्यात रोकड मोजली तर वहीपेक्षा चाळीस रुपये कमी भरले. तिन्हीसांजा झाल्या, घरून बोलावणी यायला लागली, आणि तुम्ही शांत बसून होतात. वहीला हात लावला नाहीत, उत्तरही सांगितलं नाहीत. शेवटी आमच्यातल्याच एकीला आठवलं, बँकेत गेलेल्या दोघींचं गाडीभाडं लिहायचं राहिलं होतं. वीस आणि वीस. चाळीस रुपये सापडल्याचा एवढा आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही.

चिंचोक्यांचा दिवस तर सगळ्यांना पाठ आहे. आमच्यातल्या एक मावशी, अंगठा करणाऱ्या, हजाराचं कर्ज फेडत होत्या. महिन्याला शंभर मुद्दल आणि शेकडा दोनने वीस रुपये व्याज. त्यांनी विचारलं, "मुद्दल फिटत आली तरी व्याज तेवढंच कसं गं?" मला उत्तर येईना. तुम्ही दहा चिंचोके मांडायला लावलेत, एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. दर महिन्याला एक उचलायचा आणि उरलेल्यांवरच व्याज मोजायचं. वीस, अठरा, सोळा, असं करत शेवटी दोन. बेरीज झाली ११०. आमच्या पद्धतीने होत होते २००. म्हणजे एका हजारामागे नव्वद रुपये आम्ही आमच्याच बाईकडून जास्त घेत होतो, आणि वर वाटत होतं की सावकाराच्या शेकडा पाचपेक्षा आपण किती भले! त्याच बैठकीत ठराव झाला, घटत्या शिल्लकीवर व्याज, आणि जास्तीचे पैसे ज्याच्या त्याच्या खात्यावर परत. ती खतावणी दुरुस्त करताना मी इतकी खाडाखोड केली की ते पान आजही वाचवत नाही. पण ती खाडाखोड माझी आहे.

बैठकीच्या शेवटी वही मोठ्याने वाचायची, आणि जिने तिने आपली शिल्लक तोंडाने सांगायची, ही सवयही तुमचीच. ज्यांना वाचता येत नाही त्यांनीच माझ्या जास्त चुका पकडल्या आहेत. मावशी तर पदराला गाठी मारून हप्ते मोजतात.

बँकेत साहेबांनी तारण काय विचारलं, तेव्हा तुम्ही मला कोपराने ढोसलंत आणि मी वह्या टेबलावर ठेवल्या. परतताना सांगितलंत की १९९२ साली नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, ५०० गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हापासून गटांना बिनतारण कर्ज मिळतं, आणि ते द्यायचं की नाही हे वह्या बघून ठरतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आम्ही भिंतीवर लिहिली होती. शेवटच्या शब्दाचं वजन त्या दिवशी कळलं.

आता दारोदार फायनान्सवाले येतात आणि त्यांच्या गटालाही लोक बचत गटच म्हणतात. तिथे बचत नाही, वही त्यांच्याकडे, व्याज त्यांचं. आमच्याकडे शेकडा दोन घेतले तरी ते व्याज गटातच राहतं. हा फरक समजावताना मी आता विचारते, वही कुणाकडे असते? प्रश्न तुमचा चोरला आहे.

सक्षमीकरण हा शब्द आम्ही बॅनरवरच वाचतो. ज्या यजमानांकडे वही असायची, ते परवा स्वतःच्या पीक कर्जाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. व्याज बरोबर लावलंय का बघ म्हणाले. मी बघितलं. बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र तुमची मोडली आहे. उशिरा आली की दंड, हा नियम तुम्ही कडक ठेवला होता. सुगीत मजुरीला गेलेली बाई वेळेवर कशी येणार? त्या दोन महिन्यांत आम्ही दंड घेत नाही. रागावू नका. ठराव रीतसर वहीत आहे, बारा जणींच्या सह्यांसकट. मावशींचीही सहीच आहे, अंगठा नाही.

तुमची,
गटाची सचिव