बाबांच्या पायांच्या स्टेंटबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांचा सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा स्कॅन, नीट पाहिला. पोटातली महाधमनी बेंबीच्या आसपास दुभंगते आणि एकेक फांदी एकेका पायाकडे जाते. बाबांची उजवी फांदी मुळापासून बंद आहे, डावी अरुंद झाली आहे आणि दुभंगाच्या जागी कॅल्शियम साचलंय. म्हणून चालताना गोळे आधी ढुंगणात नि मांडीत येतात. नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत थांबतात, म्हणजे हे मणक्याचं दुखणं नव्हे.

आई, बंद एक बाजू आणि सुई दोन्ही जांघांत का, असं तू विचारलंस. स्टेंट म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, ती आतल्या बलूनने फुगवून बसवतात. दुभंगाशी एकाच बाजूचा स्टेंट फुगवला तर तिथला साचलेला थर सरकून दुसरं तोंड बुजू शकतं. म्हणून दोन्हीकडचे बलून एकदम फुगवतात.

जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत धमनीत सुई घालतात. मग साधारण सात ते नऊ फ्रेंच मापाची, म्हणजे सव्वादोन ते तीन मिलीमीटर पोकळीची नळी आणि रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. खरी कसोटी बंद भागातून वायर पार करण्याची. ती भिंतीच्या थरांत शिरली तर पुन्हा पोकळीत आणावी लागते, कधी डाव्या हातातून वरून यावं लागतं. वेळ लागला तर घाबरू नकोस, वेळ इथेच जातो. पुढे महाधमनीत 12 मिलीमीटरचा स्टेंट, त्याचं वरचं तोंड मोठ्या बलूनने रुंद करून भिंतीला टेकवतात आणि खालच्या टोकात दोन्ही पायांचे दोन स्टेंट शेजारी-शेजारी बसवतात. या पद्धतीला सेरॅब म्हणतात, 2013 पासून तिची नोंद आहे.

साधे स्टेंट स्वस्त पडतात, पण इथे पैशाकडे पाहू नका. कव्हर्ड स्टेंटच्या जाळीवर पीटीएफई नावाच्या प्लास्टिकचं अस्तर असतं. कॅल्शियमने कडक झालेली धमनी बलूनने फाटली तर ते अस्तर गळती थोपवतं, आणि जाळीतून पेशी आत वाढून पुन्हा अडथळा होणंही कमी होतं. 2011 च्या ऑस्ट्रेलियातल्या कोबेस्ट चाचणीत बाबांसारख्या गंभीर अडथळ्यांत कव्हर्ड स्टेंटच सरस ठरले. तोटा एकच: अस्तराखाली येणारी फांदी बंद होते. ओटीपोटाला नि ढुंगणाला रक्त देणारी आतली फांदी मोकळी राहील ना, हे डॉक्टरांना आधीच विचार.

बाबा, बलून फुगताना कंबरेत दाटल्यासारखं दुखेल. कळ असह्य झाली तर लगेच सांगा, सोसत बसू नका. धमनी फाटायच्या बेतात असल्याची ती खूण असू शकते आणि त्या क्षणी बलून थांबवता येतो.

नंतर चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. आई, जांघेतली सूज तर बघच, पण रक्त पोटामागे आतल्या आतही साचतं, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. कुशीत किंवा कंबरेत दुखून घाम फुटला, बीपी उतरलं, की नर्सला हाक मार. पायाची बोटं निळी पडली तरीही सांग. गुठळीचा तुकडा खाली गेलेला असू शकतो.

धमन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या डायमुळे किडनीवर ताण येतो. क्रिॲटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट सोबत ने आणि मधुमेहाचं मेटफॉर्मिन कधी थांबवायचं ते विचारून घे. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या ॲस्पिरिन नि क्लोपिडोग्रेल या गोळ्या दात काढायचा म्हणून परस्पर बंद करू नका. स्टेंट अशानेच तुंबतात. आणि बाबा, विडी आजपासून बंद. विडी चालू राहिली तर अस्तराचा स्टेंटही टिकणार नाही.

घरी आल्यावर पाय अचानक गार, पांढरा, बधिर झाला तर चोळू नका, शेक देऊ नका, तडक दवाखाना गाठा. हातात काही तासच असतात. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, साधारण एक, सहा आणि बारा महिन्यांनी होईल. स्टेंटचं कार्ड रिपोर्टच्या फाइलमध्ये ठेव.

तुमची,
ताई