लायब्ररीतल्या ताई, पॉडकास्टच्या तासाबद्दल थँक्यू

ताई, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की "काहीतरीच हं सर" म्हणून पुस्तकांवर शिक्के मारायला लागता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

माझा पहिला पॉडकास्टचा तास आठवतोय ना? आठवी, ध्वनीचा धडा, ब्लूटूथ स्पीकरवर ३५ मिनिटांचा अख्खा एपिसोड लावला आणि हाताची घडी घालून मागे उभा राहिलो, वाटलं आपण फार मॉडर्न शिकवतोय. दहाव्या मिनिटाला मागचे दोन बाक पेनांच्या टोपणांनी फुटबॉल खेळत होते आणि जी पोरं शांत दिसत होती त्यातली निम्मी पेंगत होती. तुम्ही गठ्ठा घेऊन दारात उभ्या होतात, तेव्हा काही बोलला नाहीत. सुट्टीत मात्र म्हणालात, "सर, व्हिडिओत बघायला तरी काहीतरी असतं. नुसतं ऐकायचं तर कानाला काम द्या."

मग तुम्हीच दाखवलंत. चारच मिनिटांचा तुकडा, लावायच्या आधी फळ्यावर एकच प्रश्न. पहिल्यांदा ऐकताना पेनं खाली, कारण बोलण्याच्या वेगाने कोणाचाच हात चालत नाही आणि लिहायला गेलं की ऐकणं सुटतं. मध्येच पॉज करून "आता पुढे काय सांगेल?" असं विचारायचं, दुसऱ्यांदा ऐकताना टिपणं. आणि ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या हातात आधीच छापील मजकूर, हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. (एका पोराने विचारलं, सर पॉड म्हणजे काय? आयपॉड आणि ब्रॉडकास्ट जोडून २००४ मध्ये तो शब्द आला म्हटलं, तर पुढचा प्रश्न, आयपॉड म्हणजे काय. गाणी ऐकायचं खिशातलं यंत्र रे ते! म्हातारा झालो एकदम.)

पण खरी मजा पोरांनी स्वतः रेकॉर्डिंग सुरू केल्यावर आली. वर्गात आवाज बाथरूमसारखा घुमायचा, तर तुम्ही कपाटांमधला कोपरा दिलात, पंखा बंद केलात, मोबाईल तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला धरायला लावलात, नाहीतर प्रत्येक 'फ' आणि 'भ'ला फुस्स. फाईलचा घोळ मात्र माझा. पाच मिनिटांची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही (आवाज न आवळता जसाच्या तसा ठेवणारी फाईल) ५० एमबीच्या वर गेली, तीच आवळून मोनो एमपीथ्री ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट) केली तर अडीच एमबीच्या आत बसली, बोलण्याला तेवढं पुरतं.

पहिलं प्लेबॅक ऐकून एक पोरगा अडूनच बसला, हा माझा आवाज नाहीच. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही कानात पोचतो, रेकॉर्डिंगमध्ये ते हाडांतलं गायब, म्हणून तो पातळ वाटतो. हे एरवी मी एका वाक्यात उरकलं असतं, त्या दिवशी अख्खा वर्ग कानात बोटं घालून गुणगुणत होता आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक डोकावले.

आणि ती स्क्रिप्टवाली मुलगी! तिने लिहून आणलं होतं, "तरंगलांबी म्हणजे लगतच्या दोन संपीडनांमधील अंतर." वाचताना तीनदा अडखळली. तुम्ही रजिस्टरमधून मान वर न करता विचारलंत, "हे तू मैत्रिणीला फोनवर असंच सांगशील?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "हवेची दाटी झालीये ना, तिथून पुढच्या दाटीपर्यंत." इतकी वर्षं शिकवतोय, मला हे कधी सुचलं नाही. नंतर त्या पोरीने उरलेलं पान स्वतःहून खोडून परत लिहिलं, कुणी मार्क देतंय म्हणून नाही, तोंडात बसत नव्हतं म्हणून.

एका बाबतीत मात्र आपलं अजून पटत नाही. तुम्ही म्हणता कुठलाही धडा होईल, मी म्हणतो प्रकाशाच्या धड्यातल्या किरणाकृती कानाने शिकवणं म्हणजे छळ आहे. त्याला फळाच पाहिजे.

बाकी कोपरा शुक्रवारी चौथ्या तासाला आम्हालाच ठेवा, पुढचा गट प्रतिध्वनीवर करतोय. आणि हो, तिसऱ्या एपिसोडमध्ये मागे तुमच्या शिक्क्याचं ठक ठक आलंय. मी कापायला निघालो होतो, पोरांनी कापू दिलं नाही.