तीती, त्या एकादशीच्या ताटासाठी

प्रिय तीती,

साष्टांग नमस्कार.

मनातलं नीट सांगायचं तर मला मराठीच लागते, म्हणून हे पत्र मराठीत. आमची लेक ते तुम्हाला स्पॅनिशमध्ये वाचून दाखवेल. तिचं स्पॅनिश तुमच्याच स्वयंपाकघरात तयार झालं आहे. आणि चारचौघांत वाचता येईल असं लिहितेय, कारण देशाबाहेर संसार मांडलेल्या आमच्या मराठी माणसांना तुमच्यासारखी शेजारीण कशी असते ते कळायला हवं.

2023 साली इथला, अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण आणि कार्तिकी एकादशी एकाच दिवशी आले, 23 नोव्हेंबरला. आई तेव्हा अमरावतीहून आमच्याकडे आली होती. ती माळकरी. अंडंसुद्धा नाही, आणि एकादशी म्हणजे कडक उपास. तुमच्याकडचं जेवणाचं आमंत्रण आधीच होतं. मी जिन्यात तुम्हाला सांगितलं की आई येईल, बसेल, पण काही खाणार नाही. इतक्या वर्षांत मला "का चालत नाही?" असं विचारणारे पुष्कळ भेटलेत. तुम्ही विचारलंत, "मग काय चालतं?"

मी म्हटलं, धान्य नाही, कांदा-लसूण नाही. बटाटा, रताळं, असे कंद चालतात. तुमचा चेहरा एकदम खुलला. कॅरिबियन समुद्रातल्या तुमच्या पोर्तो रिको बेटावर उकडलेल्या कंदांचं ताटच असतं, बियांदास म्हणतात त्याला: युका, यौतिया, न्यामे, रताळी, जोडीला हिरवी केळी. म्हणजे आमच्या भाषेत कसावा, अळकुड्यांच्या जातीचा कंद, कोनफळाच्या जातीचा कंद आणि कच्ची केळी. उपासाला नडणारं त्यात काहीच नव्हतं! एरवी तुम्ही त्यावर खारवलेला मासा घालता. आईसाठी तुम्ही नवं पातेलं काढलंत, ज्यात कधी मांस शिजलं नव्हतं, आणि तिला ते उघडून दाखवलंत. हे दाखवणं तिच्यासाठी किती मोलाचं होतं, ते तुम्हाला न सांगताच कळलं होतं.

मला त्या सकाळचं सगळ्यात जास्त आठवतं ते युका सोलणं. बाहेरून तपकिरी, मेण चोपडलेली साल. तिच्याखाली गुलाबी पापुद्रा. आत पांढराशुभ्र गर. उभी चीर देऊन मधली दोरीसारखी शीर ओढून काढायची. तुम्ही आईला हातवारे करून बजावलंत की हा कच्चा कधी खायचा नाही, मऊ होईपर्यंत शिजवायचा. मी आईला म्हटलं, अगं, हाच तो साबुदाण्याचा कंद. तमिळनाडूत सेलमकडे याचंच सत्त्व काढून साबुदाणा करतात. आईने जन्मभर साबुदाणा भिजवला, पण तो ज्यापासून होतो ते मूळ कधी पाहिलं नव्हतं. तिने तुमच्या हातातून तो तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग तूप-जिऱ्याची फोडणी केली, हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घातलं. पहिला घास तुम्ही घेतलात आणि लगेच थोरल्या मुलाला हाक मारलीत.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या उपासाच्या ताटात काय काय असतं ते पाहा: साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची. यातला एकही जिन्नस मूळचा आमचा नाही. कसावा, बटाटा आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेतले, मिरची मेक्सिकोकडची, रताळंही तिकडचंच. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपीय जहाजांबरोबर, बहुतेक पोर्तुगीजांच्या हातून, ते आमच्याकडे पोचले, आणि आम्ही त्यांना इतकं आपलंसं केलं की आज विठ्ठलाच्या उपासाला तेच चालतात. गहू, तांदूळ मात्र चालत नाहीत. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पांडुरंगाला सगळं माहीत असते." ती इतक्या सहज म्हणाली, की या देशात आल्यापासून "आपलं" आणि "त्यांचं" यांच्यात मी जी कुंपणं घालत बसले होते, ती मला उगाचच वाटायला लागली.

तुमची टर्कीही, म्हणजे या सणाला अख्खा भाजतात तो पक्षी, मला तेच सांगते. इथली रीत म्हणजे लोणी, सेज, थाइम, पोटात पावाचं सारण. तुम्ही तिला लेचोनचा, म्हणजे तुमच्याकडच्या सणासुदीच्या भाजलेल्या डुकराचा मसाला लावता. पिलोनमध्ये, म्हणजे लाकडी खलात, लसूण, मीठ, मिरी, ओरेगानो ठेचायचं, त्यात ऑलिव्ह तेल आणि थोडं व्हिनेगर. बोटं घालून कातडी मांसापासून अलगद सुटी करायची, सुरीने मांसाला खोल टोचे द्यायचे आणि ठेचा आतपर्यंत दाबायचा. वरून आचियोतेच्या लाल बियांचं केशरी तेल. दोन रात्री ती फ्रिजमध्ये मुरते, आणि भाजायला लागल्यावर वास आमच्या मजल्यापर्यंत येतो. याला तुम्ही पावोचोन म्हणता. पावाच्या सारणाऐवजी मोफोंगो: कच्ची केळी तळून लसणाबरोबर कुटलेली. मी आणि नवरा त्यावर ताव मारतो हे आईला ठाऊक आहे, तिची त्याला ना नाही.

कुणी म्हणेल, हा अमेरिकन सण, त्यात हे काय? मला तो प्रश्न पटत नाही. पोर्तो रिको 1898 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे, 1917 पासून तिथली माणसं अमेरिकेची नागरिक आहेत; तुमच्या आजीच्या घरी हा सण असाच होत होता. आणि टर्की तर मेक्सिकोतल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच पाळायला सुरुवात केली होती. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली आणि तिकडून इंग्रजांबरोबर ती परत इकडे आली. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर लॅटिन अमेरिका पाहुणी म्हणून आलेलीच नाही, ती तिथे पहिल्यापासून बसलेली आहे.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. आईचा चातुर्मास संपला, कांदा-लसूण सुरू झाला, आणि तुम्ही तिच्यासाठी झाकून ठेवलेला भात घेऊन वर आलात. आरोस कोन गांदुलेस. एरवी त्यात हॅम असतं. हा वेगळा केलेला, नुसत्या आचियोतेच्या तेलात सोफ्रितो, म्हणजे कांदा-लसूण-मिरचीचं वाटण, परतून, ऑलिव्ह घालून. आईने झाकण काढलं, एक हिरवा दाणा बोटांत दाबला आणि म्हणाली, "अवं, हे तं तुरीचे सोले!" आमच्या विदर्भात थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलून सोलेभात करतात; आईच्या माहेरी तर पौषात दुसरा भातच नसायचा. तूर आमच्याकडची. ती भारतातून आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर कॅरिबियनमध्ये. त्या वाटेवर माणसांनी काय सोसलं ते आठवलं की तो दाणा मी फार जपून खाते. आता त्याच दाण्यांचे डबे विकणाऱ्या गोया कंपनीचं मुख्यालय आपल्या जर्सी सिटीत आहे. तळाची कुरकुरीत खरवड, तुमचा पेगाओ, आईने आमच्या लेकीला दिली नाही, स्वतः खाल्ली. तिने द्वादशीला उपास सोडला तो तुमच्या हातच्या तुरीवर.

शनिवारी तिने न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून फ्रोझन सोले आणवून तुम्हाला सोलेभात करून घातला. आलं, हिरवी मिरची, भरपूर सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तुम्ही दोघींनी एकमेकींची भाषा न येता चुलीपाशी किती वेळ काढलात! तिकडे ती अजून फोनवर पहिल्यांदा तुमची खुशाली विचारते, मग माझी.

यंदा गुडघ्यांमुळे तिला प्रवास जमणार नाही. तुमच्यासाठी सोलेभाताची कृती तिने मला पुन्हा सांगितली आहे, या वेळी मापं घेऊन. तो मी करून आणते, क्रॅनबेरीचं लोणचंही आणते. आमचा ओव्हन सकाळपासून तुमच्यासाठी रिकामा आहे. मंगळवारी रात्री टर्कीला मसाला लावायला घ्याल तेव्हा हाक मारा, लसूण मी सोलून ठेवते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची